औषधाचे पैसे अचानक वाढले तर कारण विचारा, पण औषध काउंटरवर सोडून येऊ नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि इथल्या एका फार्मसीत टेक्निशियन आहे. म्हणजे डॉक्टरकडून आलेलं प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरमध्ये घालायचं, इन्शुरन्सकडे क्लेम पाठवायचा आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला किती डॉलर झाले ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. तुमचा पेपर इथल्या पुष्कळ मराठी घरांत फोनवर वाचला जातो, आणि वाचणारे जास्त करून मुलांकडे राहायला आलेले आईवडील असतात, म्हणून हे पत्र मुद्दाम तुम्हालाच लिहितेय. पुण्या-नाशकात बसून मुलांची काळजी करणारे पण हे वाचतील तर बरंच आहे, कारण फोनवर 'औषध घेतलंस का' हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जातो आणि दोन्हीकडून 'हो घेतलं' असं उत्तर येतं, ते दर वेळी खरं असतंच असं नाही.

को-पे म्हणजे इन्शुरन्सने त्यांचा वाटा उचलल्यावर आपण काउंटरवर भरायचे पैसे. हा आकडा एकाच औषधाला, एकाच माणसाला, एकाच दुकानात महिन्या-महिन्याला बदलू शकतो, आणि बदलला की आपली वयस्कर माणसं काय करतात ते मी रोज बघते. ती भांडत नाहीत, विचारत पण नाहीत. 'राहू दे बाळा, मुलाशी बोलून येते' म्हणतात आणि निघून जातात. पाकीट आमच्या शेल्फवर पडून राहतं, साधारण दोनेक आठवड्यांनी ते परत स्टॉकमध्ये जातं, तोवर घरी कोणीतरी गोळ्या अर्ध्या करून पुरवत असतं. मला या पत्रात एवढंच सांगायचंय की तो आकडा का वाढला याचं कारण बऱ्याचदा आमच्या स्क्रीनवर समोर दिसत असतं, त्यातली निम्मीअधिक कारणं दुरुस्त होणारी असतात, पण कोणी विचारलं नाही तर मागे लाईन असताना आम्ही पण स्वतःहून सांगत नाही, हे खरं आहे.

आत्ता फेब्रुवारी चालू आहे आणि जानेवारी-फेब्रुवारी हे वर्षातले दोन महिने सगळ्यात वाईट. उदाहरण म्हणून एलिक्विस घ्या, रक्त पातळ ठेवणारी गोळी, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या कितीतरी काका-काकूंना चालू असते. डिसेंबरमध्ये ज्या काकूंना पन्नासच्या आत पडत होतं त्यांना जानेवारीत २३१ डॉलर सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो. आणि गोंधळ असा की त्याच काकूंनी बातम्यांत ऐकलेलं असतं की सरकारने औषधांच्या किमती कमी केल्या! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः पासष्टच्या पुढच्यांच्या सरकारी इन्शुरन्सला, पहिल्यांदाच औषध कंपन्यांशी भाव ठरवता आला, पहिली दहा औषधं निवडली गेली, त्यात एलिक्विस, जानुविया, जार्डियन्स, फारसिगा, झारेल्टो ही आपल्या लोकांच्या घरात हमखास सापडणारी नावं आहेत, आणि तो ठरलेला भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. एलिक्विसचा महिन्याचा भाव ५२१ वरून २३१ वर आला, जानुवियाचा ५२७ वरून ११३ वर. पण हा भाव म्हणजे औषधाची पूर्ण किंमत, आपला को-पे नव्हे. आणि जानेवारीत डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने काही द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम, परत शून्यापासून सुरू होतं.

मेडिकेअरचा औषधांचा भाग, ज्याला पार्ट डी म्हणतात, तो २००६ पासून आहे आणि कंपन्या तो वेगवेगळ्या प्लॅनच्या नावाने विकतात. २०२६ मध्ये प्लॅन जास्तीत जास्त ६१५ डॉलरपर्यंत डिडक्टिबल लावू शकतो, म्हणजे तेवढे पैसे आधी पेशंटने पूर्ण भरायचे, मग इन्शुरन्स जागा होतो. म्हणून एलिक्विसवाल्या काकू जानेवारीत २३१ भरणार, फेब्रुवारीत २३१ भरणार, मार्चमध्ये उरलेले १५३ आणि वर थोडेसे, आणि एप्रिलपासून साधारण पाव किंमत किंवा प्लॅनने ठरवलेला फिक्स आकडा. हे जर त्यांना जानेवारीतच कोणी कागदावर लिहून दिलं तर त्या औषध सोडणार नाहीत, कारण त्यांना वाटतं की आता कायमचे महिन्याला २३१ बसले. आणि ही गोळी मध्येच बंद केली तर गुठळी होऊन स्ट्रोकचा धोका वाढतो, ते तिच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर चौकटीत छापलेलं असतं, म्हणून मी उदाहरण पण मुद्दाम हेच घेतलं.

आणखी एक गोष्ट जी लोकांना माहीतच नसते. वर्षभरात आपल्या खिशातून औषधांसाठी जास्तीत जास्त किती जाणार यावर आता मर्यादा आहे, २०२५ मध्ये ती २००० डॉलर होती, २०२६ मध्ये २१००. त्यानंतर डिसेंबरअखेर प्लॅनमध्ये असलेल्या औषधांना शून्य. ज्यांची चार-पाच महागडी औषधं आहेत त्यांचं हे गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच झालं, दोन महिने काहीच भरावं लागलं नाही, सवय झाली, आणि मग जानेवारीत एकदम तीन-चारशेचा आकडा ऐकल्यावर त्यांना वाटलं दुकानाची चूक आहे. पूर्वी मध्ये एक खड्डा असायचा, डोनट होल म्हणायचे, तो २०२५ पासून नाही, तरी अजून लोक एकमेकांना 'उन्हाळ्यात खड्डा लागेल, जपून औषधं घ्या' असं सांगतात आणि त्यापायी डोस वाचवतात. कृपा करून हे बंद करा. तो खड्डा आता नाही.

जानेवारीतला धक्का ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी २०२५ पासून एक सोय आहे, मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन असं लांबलचक नाव आहे तिचं. प्लॅनला फोन करून नाव नोंदवायचं, मग काउंटरवर काहीच द्यायचं नाही, प्लॅन महिन्याला बिल पाठवतो आणि रक्कम वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत वाटून घेतो, व्याज नाही, नोंदणीची फी नाही. एकूण पैसे कमी होत नाहीत हे खरं, पण पेन्शनवर किंवा मुलाच्या पगारावर राहणाऱ्या माणसाला महिन्याला सारखा आकडा असणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीला घेतली तरच तिचा खरा उपयोग, नोव्हेंबरमध्ये घेऊन काही हाती लागत नाही. इन्सुलिनचं वेगळं आहे, मेडिकेअरवाल्यांना प्लॅनमध्ये असलेल्या इन्सुलिनला २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरच्या वर लागूच शकत नाहीत, डिडक्टिबल शिल्लक असलं तरी नाही, म्हणून कोणी जास्त सांगितले तर तिथेच थांबवा आणि का ते विचारा. शिंगल्सची, म्हणजे नागिणीची लस पण तेव्हापासून पार्ट डीमध्ये फुकट आहे.

हे झालं पासष्टच्या पुढच्यांचं. नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांचं दुखणं वेगळं, त्यांनी प्रीमियम कमी म्हणून हाय डिडक्टिबलवाला प्लॅन घेतलेला असतो, सोबत एचएसए म्हणजे औषधपाण्यासाठी पैसे साठवायचं खातं, आणि या प्लॅनमध्ये डिडक्टिबल २०२६ मध्ये निदान १७०० डॉलर तरी असतंच, कुटुंबाला ३४००, त्याच्या आत औषध म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण किंमत. नोकरी बदलली की जुलै असो की सप्टेंबर, डिडक्टिबल परत शून्य, आधीच्या कंपनीत भरलेले सगळे गेले. इथे आयटीत लोकांच्या नोकऱ्या वर्षात दोनदा बदलतात, तेव्हा हे दोनदा होतं. आणि काही कंपन्यांचं प्लॅनचं वर्ष जानेवारीत नाही तर जुलैत सुरू होतं, एचआरचा ईमेल आलेला असतो पण तो कोण वाचतो.

आता दुसरं मोठं कारण, फॉर्म्युलरी. प्रत्येक प्लॅनची औषधांची एक यादी असते आणि यादीत पायऱ्या असतात, त्यांना टिअर म्हणतात, पहिल्या पायरीवर स्वस्त जेनेरिक, मग वर वर जात ब्रँड, आणि सगळ्यात वर स्पेशालिटी, म्हणजे सगळ्यात महागडी खास औषधं. औषध तेच, डॉक्टर तोच, पण प्लॅनने औषध दुसरीवरून चौथीवर नेलं की को-पे तिप्पट. किंवा यादीतून काढूनच टाकलं. हे ठरवतात कोण, तर पीबीएम नावाच्या, इन्शुरन्स आणि औषध कंपन्या यांच्या मधल्या कंपन्या. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स, या तिघी मिळून देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन हाताळतात, हे सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ च्या जुलैमधल्या अहवालात लिहिलंय. औषध कंपनी यांना मागून रिबेट म्हणजे सूट देते, ज्याचा सौदा चांगला त्याला यादीत चांगली जागा, आणि पेशंटला मात्र यातलं काही कळत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केअरमार्कने संधिवातावरचं ह्युमिरा आपल्या मोठ्या याद्यांतून काढलं आणि त्याच्या जागी बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखंच दुसरं औषध ठेवलं, २०२५ च्या जुलैत वजनाच्या औषधांत झेपबाउंड काढून वेगोवी ठेवलं. ज्या लोकांना एक औषध नीट लागू पडलं होतं त्यांना एका तारखेला सांगितलं गेलं की आता दुसरं घ्या. मला हे मान्य नाही, पेशंटला काय लागू पडतं हे डॉक्टरने बघायचं असतं, आणि तरी मधल्या कंपनीचा करार बदलला म्हणून त्या माणसाचं औषध बदलतं, हे चूक आहे असंच मी म्हणेन.

कधी कधी तर औषध कंपनीच माघार घेते. फ्लोव्हेंट हा लहान मुलांना पण दिला जाणारा दम्याचा पंप ग्लॅक्सो कंपनीने २०२३ संपताना बंद केला, त्याचंच कंपनीने मान्य केलेलं जेनेरिक बाजारात होतं पण कित्येक प्लॅनच्या यादीत ते नव्हतं, जानेवारी २०२४ मध्ये ऐन थंडीत आईबाप पोरांना घेऊन काउंटरवर उभे आणि आमच्या स्क्रीनवर नॉट कव्हर्ड. त्या महिन्यातले चेहरे मी विसरू शकत नाही.

आमच्या स्क्रीनवर क्लेम नाकारून परत येतो तेव्हा त्याच्यासोबत एक नंबर येतो, तो विचारून घ्या. ७० म्हणजे औषध यादीत नाही. ७५ म्हणजे प्रायर ऑथोरायझेशन पाहिजे, डॉक्टरने इन्शुरन्सला कारण लिहून द्यायचं. ७६ म्हणजे गोळ्यांची संख्या प्लॅनच्या मर्यादेपेक्षा जास्त झाली. ७९ म्हणजे रिफिल लवकर मागितलं, दोन-चार दिवस थांबलं की आपोआप जातं. या चारही वेळी काउंटरवरचा माणूस घाईत 'इन्शुरन्स घेत नाही, कॅश भरायचे तर इतके' एवढंच म्हणू शकतो, आणि समोरच्याला वाटतं को-पे वाढला. तो को-पे नसतोच, ती औषधाची पूर्ण किंमत असते.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते. मेटफॉर्मिन. आपल्यात डायबेटिस किती आहे ते सांगायला नको. मेटफॉर्मिनची साधी गोळी इथे अतिशय स्वस्त आहे, तिची हळूहळू विरघळणारी ईआर गोळी पण स्वस्त आहे. पण ईआरचे तीन प्रकार आहेत, एक ग्लुकोफाज एक्सआरचं जेनेरिक, तेच सगळीकडे वापरतात, आणि बाकीचे दोन फोर्टामेट आणि ग्लुमेत्झा यांची जेनेरिकं, कॉम्प्युटरवर त्यांच्यापुढे ओएसएम किंवा एमओडी अशी अक्षरं असतात. औषध तेच मेटफॉर्मिन, फक्त गोळीतून बाहेर पडायची रीत वेगळी, आणि किंमत काही डॉलरच्या जागी काही शे डॉलर. डॉक्टरच्या ऑफिसात कोणीतरी यादीतून निवडताना बोट एक ओळ खाली पडलं की झालं. पेशंट नवीन डॉक्टरकडे गेला, प्रिस्क्रिप्शन नव्याने आलं, आणि को-पे दहावरून एकदम दोनशेवर, असं मी स्वतः पाहिलंय. आम्ही डॉक्टरला एक मेसेज टाकला की त्याच दिवशी दुरुस्त होतं. पण तो मेसेज टाकायला कोणाच्यातरी लक्षात यायला हवं. असंच गोळी आणि कॅप्सूलचं, एकाच औषधाची कॅप्सूल स्वस्त आणि टॅब्लेट महाग असू शकते, डिप्रेशनवरच्या फ्लुओक्सेटिनचं तसं आहे. म्हणून पैसे वाढले की आधी बाटलीवरचं नाव जुन्या बाटलीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, एमजी बघा, शेवटची अक्षरं बघा, तीस दिवसांचं आहे की नव्वद दिवसांचं ते बघा, कारण नव्वदचं झालं तर आकडा तिप्पट दिसणारच, त्यात वाढ काहीच नसते. डॉक्टरने किंवा तुम्ही स्वतः ब्रँडच पाहिजे म्हणून लिहून घेतलं असेल तर काही प्लॅन ब्रँड आणि जेनेरिक यांच्यातला फरक पण तुमच्याकडून घेतात, तेही तपासा.

साध्या कारणांतलं सगळ्यात साधं म्हणजे जुनं कार्ड. नव्या वर्षी प्लॅन बदलला, नवीन कार्ड आलं, ते घरात ड्रॉवरमध्ये, आणि दुकानात अजून जुनंच फाईलवर. कार्डावर बिन, पीसीएन, ग्रुप आणि मेंबर आयडी असे चार नंबर असतात, ते चारही नवीन घालावे लागतात, त्यातला एक चुकला तरी क्लेम भलतीकडे जातो. मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड आणलं तर त्यावर बहुतेक औषधं निघत नाहीत, पार्ट डीचं वेगळं कार्ड लागतं, आणि ॲडव्हान्टेज प्लॅन, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, असेल तर त्याचं. दुकान पण महत्त्वाचं आहे, तुमच्या प्लॅनची ठरलेली प्रिफर्ड दुकानं असतात, गेल्या वर्षी तुमचं कोपऱ्यावरचं दुकान त्यात होतं आणि यंदा नाही, एवढ्यानेही को-पे वाढतो. हे मी स्वतः फार्मसीत काम करून सांगतेय, तुमचं औषध दुसरीकडे स्वस्त पडत असेल तर जरूर दुसरीकडे न्या. फक्त सगळी औषधं एकाच ठिकाणी राहतील असं बघा, नाहीतर कोणतं औषध कोणत्या औषधाशी जमत नाही ते कोणालाच कळत नाही.

कूपनांबद्दल थोडं. ब्रँडची औषधं बनवणाऱ्या कंपन्या को-पे कार्ड देतात, नोकरदार मुलांना त्याने महिन्याला पाच-दहा डॉलरच पडतात, पण त्या कार्डावर वर्षाची एक रक्कम असते, ती मे-जूनमध्ये संपते, आणि बरेच प्लॅन कार्डाने भरलेले पैसे डिडक्टिबलमध्ये धरतच नाहीत, मग जूनमध्ये एकदम पूर्ण किंमत समोर येते. आणि वडील पासष्टचे होऊन मेडिकेअरवर गेले की तेच कार्ड चालत नाही, कायद्यानेच चालत नाही, सरकारी इन्शुरन्सबरोबर कंपनीचं कूपन वापरता येत नाही. दुकानदाराने मुद्दाम नाकारलं असं समजू नका.

आणि कॅश. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, पण इन्शुरन्स न लावता औषध स्वस्त पडू शकतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाच्या एका मोठ्या मासिकात आलं होतं की २०१३ च्या क्लेममध्ये २३ टक्के वेळा पेशंटने भरलेला को-पे हा इन्शुरन्सने दुकानाला दिलेल्या किमतीपेक्षा जास्त होता. त्या काळी काही करारांमध्ये फार्मसिस्टने पेशंटला हे सांगायलाच बंदी असायची! २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दोन कायदे करून ती बंदी उठवली. म्हणजे आता तुम्ही 'कॅश प्राइस किती' असं विचारलं तर आम्हाला मोकळेपणाने सांगता येतं. वॉलमार्टची यादी २००६ पासून आहे, कितीतरी जुनी जेनेरिक महिन्याला ४ डॉलर आणि तीन महिन्यांना १० डॉलर. उद्योगपती मार्क क्युबनची कॉस्ट प्लस कंपनी २०२२ पासून मूळ किमतीवर १५ टक्के आणि थोडी फी लावून घरपोच पाठवते. फक्त लक्षात ठेवा की कॅशने घेतलेलं साधारणपणे डिडक्टिबलमध्ये किंवा त्या २१०० च्या मर्यादेत धरलं जात नाही, त्यामुळे पाच डॉलरच्या औषधाला कॅश ठीक, दोनशेच्या औषधाला आधी हिशोब करा.

भारतातून औषधं आणण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. को-पे वाढला की आपल्याकडे पहिला उपाय हाच, कोणीतरी मुंबईहून येतंय, त्याच्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या. मी समजू शकते. आणि इथे काउंटरवर ज्या जेनेरिकच्या बाटल्या आम्ही देतो त्यातल्या पुष्कळ लुपिन, सिप्ला, ग्लेनमार्क यांच्याच असतात, मुंबईच्याच कंपन्या, तिन्हींचे गोव्यातले कारखाने अमेरिकेला माल पाठवतात, लेबलवर गोवा लिहिलेलं मी कितीदा बघते आणि बरं वाटतं. पण तिकडून आणलेली गोळी इथल्या डॉक्टरच्या फाईलमध्ये नसते. आजोबा तिकडची ग्लायकोमेट घेताहेत आणि इथल्या डॉक्टरने मेटफॉर्मिन लिहून दिलंय, दोन्ही एकच, डबल डोस चालू आहे आणि कोणाला पत्ता नाही. किंवा तिकडच्या एका गोळीत दोन-दोन औषधं एकत्र असतात, त्यातलं एक इथे वेगळं चालू असतं. आणायचीच असतील तर निदान पाकिटाचा फोटो काढून इथल्या फार्मसिस्टला दाखवा, आम्ही रागावत नाही, आम्हाला ते माहीत असणं गरजेचं असतं.

औषध यादीतून गेलं असेल तर तिथे पण विषय संपत नाही. मेडिकेअरच्या प्लॅनला नव्या वर्षाच्या पहिल्या ९० दिवसांत, तुम्ही आधीपासून ते औषध घेत असाल तर, निदान एकदा महिन्याभराचा पुरवठा द्यावाच लागतो, त्याला ट्रान्झिशन फिल म्हणतात, आणि हे शब्द काउंटरवर उच्चारल्याशिवाय ते कोणाला आठवत नाही. तेवढ्या महिन्यात डॉक्टरकडून एक्सेप्शन मागायचं, म्हणजे हे औषध यादीत नसलं तरी या पेशंटला द्या किंवा वरच्या पायरीवर असलं तरी खालच्या पायरीचे पैसे घ्या. डॉक्टरचं पत्र पोचल्यापासून ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, तब्येतीला धोका असेल तर २४ तासांत. नाही म्हणाले तर अपील आहे. आपले लोक पहिल्याच नकाराला मान तुकवतात, 'सरकारी काम आहे, काय करणार' म्हणून. भीड ही भिकेची बहीण असं आपणच म्हणतो ना, मग इथे का भीड बाळगायची? इंग्लिश जमत नसेल तर प्लॅनच्या फोनवर दुभाषी मागता येतो, फुकट, मेडिकेअरच्या प्लॅनला तो द्यावाच लागतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्या पासष्टच्या पुढच्यांसाठी पाड नावाची राज्याची योजना आहे, त्यात बसलात तर जेनेरिकला ५ आणि ब्रँडला ७ डॉलर. उत्पन्नाची मर्यादा आहे, पण ती फार खाली नाही, साधी पेन्शन असलेले पुष्कळ जण बसतात आणि अर्जच करत नाहीत. देशपातळीवर एक्स्ट्रा हेल्प नावाची सरकारी मदत आहे, ती अजून कमी उत्पन्नवाल्यांना. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना स्वतःची इथली नोकरी झालेली नसेल तर पाच वर्षं सलग राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, तेव्हा पार्ट डी 'आत्ता कुठे लागतंय' म्हणून टाळलं तर नंतर उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे एक टक्का दंड प्रीमियममध्ये चिकटतो आणि तो पार्ट डी असेपर्यंत सुटत नाही. फिरायला आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचं तर वेगळंच, त्यात जुन्या आजारांची रोजची औषधं साधारणपणे धरलेलीच नसतात, त्यांनी परतीच्या तारखेच्या हिशोबाने औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत आणावी.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या वर्षीचा को-पे खरं तर सप्टेंबरमध्येच ठरलेला असतो, ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक मेडिकेअर प्लॅनला पुढच्या वर्षी काय बदलणार त्याचं पत्र पाठवावं लागतं, ॲन्युअल नोटिस ऑफ चेंज, जाडजूड इंग्लिश पत्र, आणि ते बहुतेक घरात जाहिरातींबरोबर रद्दीत जातं. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. नवरात्र-दिवाळीच्या गडबडीत ती निघून जाते. तुम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुमच्या परदेशातल्या वाचकांसाठी याची एक आठवण छापाल का? आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांना पण माझं सांगणं आहे की दिवाळीच्या कार्यक्रमात एक टेबल यासाठी ठेवा, प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी सेवा आहे, त्यांचे शिकवलेले लोक फुकट मदत करतात, कोणताही प्लॅन विकत नाहीत, त्यांना बोलवा. येताना लोकांनी फक्त औषधांच्या बाटल्या पिशवीत घालून आणाव्यात, नाव आणि एमजी वाचून मेडिकेअरच्या वेबसाईटवर टाकलं की कोणत्या प्लॅनमध्ये वर्षाला किती पडणार ते लगेच दिसतं. आमच्या भागातल्या मंडळाने हो म्हटलं तर दुकानाच्या ड्युटीनंतर मी त्या टेबलावर बसायला तयार आहे.

कळावे,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी